प्लायवूडची गिटार आणि पावसाचा मुलूख

रायगडातल्या म्हसळ्याहून इलेक्ट्रिक गिटार घ्यायला निघालेल्या माणसाची पहिली गाडी माणगावची. तिथून रेल्वेने नाहीतर मुंबई-गोवा महामार्गाने पनवेल आणि पुढे मुंबईत धोबी तलाव. म्हसळ्याच्या पेठेत जे मिळत नाही ते आणायला लोक पिढ्यान्‌पिढ्या मुंबईलाच जात आले आहेत, त्यामुळे प्रवासाचे कुणाला फारसे काही वाटत नाही. खरी अडचण दुकानात शिरल्यावर सुरू होते. हातात अर्धा दिवस, डोक्यात परतीची गाडी, भिंतीवर ओळीने टांगलेल्या गिटारी, आणि विक्रेता सांगेल त्यापलीकडे पारखायला आपल्याजवळ काही साधन नाही. घरी आणल्यावर तारा फ्रेटवर घासू लागल्या किंवा वायर लावायचा जॅक आत पडला, तर दाखवायला जवळपास कारागीर नाही. दुसरा रस्ता घरबसल्या मागवण्याचा. त्यात तर वाजवून बघणेही नशिबात नसते. ही पुस्तिका अशाच गिऱ्हाइकासाठी आहे. त्याच्याकडे पैसे मोजके आहेत, त्याला सेमी-हॉलोच हवी आहे, आणि तो राहतो खाडीकाठच्या दमट हवेत.

पहिला घोटाळा मागणी करतानाच होतो. जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि कधीकधी मुंबईतही, 'सेमी-अकूस्टिक दाखवा' म्हटले की दुकानदार गोल भोकाची नेहमीची लाकडी गिटार काढतो. तिच्या बगलेत पिकअप आणि बॅटरी बसवलेली असते एवढेच. ती वस्तू वेगळी. आपल्याला हवी ती सेमी-हॉलो गिटार दिसायला व्हायोलिनच्या कुळातली असते. पोटावर दोन बाजूंना इंग्रजी एफ अक्षराच्या वळणाची दोन छिद्रे, गळ्यापाशी दोन गोल शिंगे, जेमतेम पावणेदोन इंच जाडीचे अंग आणि तारांखाली चुंबकाचे पिकअप. बाहेरून ती पोकळ वाटते. आत मात्र गळ्याच्या सांध्यापासून बुडापर्यंत मधोमध लाकडाचा एक भरीव ठोकळा गेलेला असतो, आणि पिकअप व ब्रिज त्यावरच बसतात. पोकळ असतात ते दोन्हीकडचे कप्पे.

हा ठोकळा तिथे का आला, हे रायगडातल्या माणसाला समजावणे सोपे आहे, कारण त्याने बेंजो पार्टी ऐकलेली असते. हळदीला, वरातीत, गणपतीच्या मिरवणुकीत बटणांचा तो बेंजो तारांखालच्या पिकअपमधून थेट कर्ण्यात जातो. वादक चुकून कर्ण्यासमोर आला की कानठळ्या बसवणारी शिट्टी निघते. तिचे कारण सरळ आहे. कर्ण्यातून निघालेला आवाज वाद्याच्या पोकळ पेटीला हलवतो, पेटी तारेला हलवते, पिकअप ते हलणे पुन्हा कर्ण्याकडे पाठवतो आणि चक्र सुरू होते. पेटी जितकी मोठी आणि हलकी, तितकी शिट्टी लवकर. जाता जाता एक गंमत सांगतो. आपला बेंजो हे मूळचे जपानचे वाद्य. १९१२ साली नागोया शहरात ते तैशोगोतो नावाने जन्मले आणि हिंदुस्थानात बुलबुलतरंग होऊन आले. आज माफक किमतीच्या सेमी-हॉलो गिटारींत ज्या कंपनीचे नाव सर्वांत आधी निघते, त्या आयबानेझची मालक कंपनी होशिनो गाक्की, तीही नागोयाचीच, १९०८ ची. म्हणजे कोकणातल्या वरातींशी त्या शहराचा संबंध गिटारीच्या आधीपासूनचा आहे.

अमेरिकेतही प्रश्न शिट्टीचाच होता. १९३६ मध्ये गिब्सन कंपनीने ईएस-१५० ही पिकअप लावलेली पूर्ण पोकळ गिटार काढली. चार्ली ख्रिश्चन हा पोरसवदा वादक ती घेऊन १९३९ मध्ये बेनी गुडमनच्या वाद्यवृंदात दाखल झाला आणि गिटार पहिल्यांदा सॅक्सोफोनच्या बरोबरीने उभी राहिली. पण आवाज एका मर्यादेपुढे नेला की शिट्टी ठरलेली. त्यावर लेस पॉल या खटपट्या वादकाने १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या एपिफोन कारखान्यात एक अघोरी उपाय केला. पाइनच्या चार इंची चौकोनी वाशावर तारा आणि पिकअप चढवले. आवाज उत्तम लांबला, शिट्टी गेली, पण लोकांना वासा बघवेना. मग त्याने एक पोकळ गिटार उभी चिरून तिचे दोन अर्धे त्या वाशाला दोन्ही बाजूंनी डकवले. याच वाशाला पुढे 'लॉग' म्हणू लागले. गिब्सनने तेव्हा त्याला दाद दिली नाही. १९५० मध्ये लिओ फेंडरची भरीव फळीची गिटार बाजारात आली तेव्हा गिब्सनला जाग आली, आणि १९५२ मध्ये लेस पॉलच्याच नावाने त्यांनी भरीव गिटार काढली. १९५८ मध्ये कंपनीचे अध्यक्ष टेड मॅकार्टी यांनी ईएस-३३५ या गिटारीत दोन्ही टोके एकत्र आणली. पातळ पोकळ अंग, आत तो मधला ठोकळा, म्हणजे मेपलचा कणा. या ईएस-३३५ चेच घराणे आज आपण दुकानात बघतो.

या इतिहासातली एक गोष्ट गिऱ्हाइकाच्या थेट कामाची आहे, आणि ही पुस्तिका लिहिण्याचे माझे मुख्य कारणही तीच. ईएस-३३५ चे पोट, पाठ आणि बगला अखंड लाकडाच्या नव्हत्या. मेपल आणि पॉप्लरचे पातळ थर एकमेकांना चिकटवून, साच्यात दाबून केलेले ते प्लायवूड होते. १९५८ च्या ज्या मूळ गिटारी आज संग्राहक कित्येक लाखांना घेतात, त्या प्लायवूडच्याच आहेत. यात लबाडी नव्हती. थर दिलेले लाकूड कमी थरथरते, म्हणून शिट्टी उशिरा येते, आणि साच्यात दाबले की कमान दर वेळी सारखी निघते. मॅकार्टी यांना नेमके हेच हवे होते.

मिरजेच्या तंबोऱ्याकडे बघितले म्हणजे फरक कळतो. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या त्या तंबोऱ्याचा जीव भोपळ्यात असतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेल्या भोपळ्यांतून कारागीर जाडी, गोलाई आणि सुकण्याची तऱ्हा बघून एकेक निवडतो, कारण पुढचा सगळा नाद त्या कवचातून येणार असतो. तिथे स्वस्त भोपळा म्हणजे स्वस्त नाद. गोल भोकाच्या साध्या गिटारीचेही तसेच. अखंड स्प्रूसचे पोट आणि प्लायवूडचे पोट यांतला फरक कुणालाही ऐकू येतो, आणि किंमत त्या लाकडाचीच असते. सेमी-हॉलोत तसे नाही. महागडीही प्लायवूडची आणि स्वस्तही प्लायवूडची. दोघींचा नाद निम्म्याहून अधिक पिकअप, तारा आणि ॲम्प यांतून येतो. म्हणून माझे ठाम मत असे, की बेतशीर पैशांत मिळणाऱ्या सर्व प्रकारच्या गिटारींमध्ये सेमी-हॉलो घेणाऱ्याचे नुकसान सर्वांत कमी होते. अमेरिकेत बनलेली गिब्सन आपल्याकडे अडीच-तीन लाखांच्या पुढे जाते. तीस ते साठ हजारांच्या पट्ट्यात, चीन किंवा इंडोनेशियात बनलेली, त्याच आराखड्याची गिटार मिळते. दोघींच्या किमतीत पाचपट-सहापट अंतर आहे. आवाजात तेवढे अंतर आहे असे म्हणणारा माणूस माझ्या मते कानांपेक्षा डोळ्यांनी ऐकतो.

मग स्वस्तात कपात कुठे होते? अंगात होत नाही, जोडणीत होते. फ्रेटची टोके नीट घासलेली नसतात आणि हात सरकवताना बोचतात. तारा ज्या खाचांतून डोक्याकडे जातात तो नट हलक्या प्लास्टिकचा असतो आणि त्याच्या खाचा उथळ राहिलेल्या असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर बोट दुखते आणि सूर चढा लागतो. नवशिका मग स्वतःच्या बोटांना दोष देतो. खुंट्या सैल, आवाजाची बटणे खरखरणारी, तारा कारखान्यातून निघाल्यापासूनच्या. या सगळ्यावर इलाज आहे आणि तो महाग नाही. गिटारीच्या किमतीतला दहावा हिस्सा सेटअपसाठी बाजूला ठेवा आणि मुंबईतच, गाडी पकडण्यापूर्वी, नटाच्या खाचा, गळ्याची वाकण, ब्रिजची उंची आणि फ्रेट नीट करून घ्या. पन्नास हजारांची बिनसेटअपची गिटार आणि चाळीस हजारांची सेटअप केलेली, यांत मी डोळे झाकून दुसरी घेईन. एक गोष्ट मात्र घेण्याआधीच बघायची. सेमी-हॉलोच्या पाठीला झाकण नसते. बटणे, स्विच, जॅक, सगळी वायरिंग एफच्या छिद्रातून आत सारलेली असते, आणि दुरुस्तीही तिथूनच, दोऱ्या बांधून. भरीव गिटारीत जे काम दहा मिनिटांचे, त्याला इथे अख्खी दुपार जाते. म्हणून बटण खरखरत असेल तर 'नंतर बघू' म्हणू नका. ती गिटार तिथेच सोडा, शेजारची मागा.

आता हवा. रायगडच्या किनारपट्टीवर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते त्या दिवसांत लाकडाचे काय होत असेल ते वेगळे सांगायला नको. अखंड लाकडाचे पोट दमट हवेत फुगते, कोरड्यात आकसते, आणि महागड्या अकूस्टिक गिटारी म्हणूनच आपल्याकडे त्रास देतात. प्लायवूडचे थर एकाआड एक आडव्या-उभ्या रेषांनी चिकटवलेले असतात, त्यामुळे एक थर फुगू लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. वरच्या लेपाचेही तेच. गिब्सन नायट्रोसेल्युलोजचा पातळ लेप देते. तो सुंदर जुना होतो हे खरे, पण घामाने आणि उष्म्याने चिकट होतो, तडकतो. स्वस्त गिटारीवर पॉलियुरेथेनचा जाड, काचेसारखा लेप असतो. जाणकार त्याला नाके मुरडतात. म्हसळ्यात जुलै काढायचा असेल तर तो जाड लेपच बरा.

हलतो तो गळा. पावसाळ्यात त्याची वाकण बदलते, तारा उंच होतात किंवा फ्रेटवर घासू लागतात. त्यासाठी गळ्याच्या आत लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. ती कशी आणि किती फिरवायची याचे एक वेगळे प्रकरण पुढे आहे. इथे एवढेच, की एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त नाही, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचे. तारा गंजतात. वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणे आणि गिटार सिलिका जेलच्या पुड्यांसह बॅगेत ठेवणे, याला पर्याय नाही. भिंतीला टांगलेली गिटार सुंदर दिसते, पण ती भिंत पावसाची असेल तर टांगू नका.

गळ्यावरच्या पट्टीबद्दल एक गोष्ट मला विशेष आवडते. पूर्वी ही पट्टी शिसवीची असे. २०१७ मध्ये शिसवीच्या सगळ्या कुळावर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आले, २०१९ मध्ये तयार वाद्यांना त्यांतून सूट मिळाली, पण मधल्या काळात स्वस्त गिटारी बनवणाऱ्यांनी दुसरी लाकडे धरली. एपिफोन आणि स्क्वायर या कंपन्यांच्या तक्त्यांत आज 'इंडियन लॉरेल' लिहिलेले दिसते. म्हणजे आपला ऐन, सुसरीच्या पाठीसारख्या सालीचा. कोकणातल्या जुन्या घरांचे वासे आणि खांब ज्याचे, तोच. तो शिसवीपेक्षा कोरडा आणि जरा भरड निघतो. वर्षातून दोनदा खनिज तेलाचा हलका हात फिरवला की काळसर होतो आणि बोटांना गुळगुळीत लागतो. दुकानदार 'शिसव नाही' म्हणून किंमत खाली आणत असेल तर आणू द्या, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

विजेशिवाय या गिटारीचा विचार अपुरा राहील. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर धडकले. म्हसळा, श्रीवर्धन, मुरूड भागांतली कौले, पत्रे, नारळी-पोफळीच्या बागा गेल्या, विजेचे खांब आडवे झाले आणि कित्येक गावे आठवड्यांमागून आठवडे अंधारात राहिली. तसे संकट रोजचे नव्हे. पण पावसाळ्यात दोन-चार तास दिवे जाणे हे इथे रोजचेच. अशा वेळी भरीव इलेक्ट्रिक गिटार म्हणजे तारा ताणलेली फळी. तिचा आवाज वाजवणाऱ्यालाही धड ऐकू येत नाही. सेमी-हॉलो ॲम्पशिवायही बोलते. मैफल गाजवण्याइतकी नाही, पण बंद खोलीत, कौलांवर पाऊस पडत असतानाही, आपण काय वाजवतो आहोत हे कळण्याइतकी नक्की. आणि रियाज शेवटी तेवढ्याच आवाजात व्हायचा असतो. शहरातल्या लेखकांच्या यादीत हा गुण मी कुठे वाचलेला नाही. माझ्या यादीत तो बराच वर आहे.

दुसरा प्रश्न अर्थिंगचा. गिटारीच्या तारा ब्रिजमधून वायरने ॲम्पच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. घरातले अर्थिंग नीट नसेल, किंवा तीन पिनांच्या प्लगमधली मोठी पीन उपटून तो दोन पिनांच्या बोर्डात खुपसला असेल, तर ॲम्प घुंऽऽ करत राहतो. ते परवडले. पण त्याच स्थितीत एक हात तारांवर आणि ओठ माइकला लागले तर झटका बसू शकतो, आणि तो थट्टेवारी नेण्यासारखा नसतो. गिटारीआधी वायरमनला बोलवा. अर्थिंग ठीक असतानाही ट्यूबलाइट, पंख्याचा रेग्युलेटर, इन्व्हर्टर यांचा गुणगुणाट पिकअपमध्ये शिरतो. त्यावरचा उपाय गिब्सनच्याच सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये काढला. उलटसुलट गुंडाळलेली दोन वेटोळी शेजारी ठेवली की तारेचा आवाज बेरीज होतो आणि बाहेरची गुणगुण वजा. हाच हंबकर. सेमी-हॉलोच्या मूळ आराखड्यात तो आहेच, आणि आपल्या गावांतल्या विजेला तोच मानवतो. एकेरी वेटोळ्याचे पी-९० पिकअप असलेली गिटार गोड वाजते, पण इन्व्हर्टर सुरू झाला की कळते.

बाजारात काय आहे? नावे पुढच्या प्रकरणांत सविस्तर आली आहेत, इथे ओळखीपुरती. आयबानेझची आर्टकोर मालिका २००२ मध्ये सुरू झाली आणि 'स्वस्त म्हणजे टाकाऊ' हा समज मोडण्यात तिचा वाटा मोठा आहे. तिच्यात एएस-७३ ही माझी पहिली शिफारस, पैसे कमी पडत असतील तर एएस-५३. अक्षरे नीट वाचा. एएस म्हणजे कणा असलेली, एएफ म्हणजे पूर्ण पोकळ. एपिफोन १९५७ पासून गिब्सनच्याच मालकीची, त्यामुळे ईएस-३३५ हे नाव ती हक्काने लावते. हीच या पट्ट्यातली सर्वांत मूळबरहुकूम आणि बहुधा सर्वांत महाग. तिची कॅसिनो मात्र फसवी. बीटल्सनी गाजवलेली ती गिटार ३३५ ची जुळी बहीण वाटते, पण आत कणा नाही. ग्रेच कंपनीच्या स्ट्रीमलाइनर मालिकेतली जी-२६२२ कण्याची आहे, जी-२४२० नाही. स्क्वायरची स्टारकास्टर वाकड्या अंगाची, वेगळ्या चेहऱ्याची, आणि किमतीत बहुधा सर्वांत खाली. टेलिकास्टर थिनलाइन या प्रकारात भरीव फळी आतून कोरलेली असते. ती चांगली असते, पण तिचा स्वभाव भरीव गिटारीचाच. किमती दर काही महिन्यांनी हलतात, म्हणून छापील आकड्यांवर विसंबू नका.

ही गिटार काय वाजवण्यासाठी, हेही आधीच बोलून टाकू. जॅझ, ब्लूज, जुन्या हिंदी-मराठी गाण्यांची साथ, गझलेच्या मागची हलकी छेड, चर्चमधली गाणी यांसाठी हिच्यासारखी दुसरी नाही. जॉन स्कोफील्ड हा जगातला अव्वल जॅझ गिटारवादक १९८० च्या दशकापासून आयबानेझची एएस-२०० वाजवतो, तीच आराखड्याने आपल्या एएस-७३ ची थोरली बहीण. ब्लूज वाजवणाऱ्या बी. बी. किंगची 'ल्युसिल' ही गिटारही याच घराण्यातली. १९८० मध्ये गिब्सनने तिचे खास मॉडेल काढले तेव्हा शिट्टी आणखी कमी व्हावी म्हणून एफची छिद्रेच बुजवून टाकली. आपल्या बाजूचे कान घडवायचे असतील तर अमान्सिओ डिसिल्वा ऐका. गोव्याच्या कुटुंबातला, १९३६ मध्ये मुंबईत जन्मलेला हा वादक इंग्लंडला गेला आणि १९६९ मध्ये त्याने जमैकाच्या जो हॅरियट या सॅक्सोफोनवादकाबरोबर 'हम दोनो' ही तबकडी काढली. गिटारीतून आपल्याकडची वळणे कशी काढता येतात, आणि त्यासाठी आवाज फाडावा लागत नाही, हे त्यात ऐकू येते. उलट मेटल वाजवायचे असेल, ॲम्प पूर्ण खोलून, डीजेच्या भिंतीशेजारी उभे राहून, तर ही गिटार घेऊ नका. कणा शिट्टी उशिरा आणतो, कायमची घालवत नाही. अशांनी भरीव घ्यावी, आणि पैसेही वाचवावेत.

धोबी तलावाच्या परिसरात फुर्ताडोजसारखे १८६५ पासूनचे दुकान आहे, आणि पलीकडेच ते रंगभवन, जिथे जॅझ यात्रा आणि इंडिपेंडन्स रॉकच्या रात्री रंगल्या. या भागात गिटार हातात घेऊन दोन तास वाजवत बसलेल्या पोरांकडे कुणी वळून बघत नाही. तेव्हा लाजू नका. मोबाइलचा टॉर्च एफच्या छिद्रात मारा आणि कणा गळ्यापासून बुडापर्यंत सलग आहे का बघा. काही गिटारींत तो ब्रिजखाली चार बोटेच असतो. प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट वाजवा, सगळ्या. कंटाळवाणे आहे, पण मेलेला फ्रेट असाच सापडतो. बाराव्या फ्रेटवर तार नुसती स्पर्शून निघणारा सूर आणि दाबून निघणारा सूर एकच आहे का, ट्यूनरवर ताडा. मुठीने अंगावर हलके ठोका, आत काही खुळखुळले तर नको. बसून वाजवताना डोके जड होऊन गळा खाली जातो का, हे पट्टा लावून बघा. शेवटी ॲम्पच्या समोर तीन पावलांवर उभे राहून आवाज हळूहळू वाढवा आणि शिट्टी कुठे सुरू होते ते लक्षात ठेवा. एकाच मॉडेलच्या दोन गिटारी असतील तर दोन्हींवर हा प्रयोग करा, फरक निघतो.

म्हसळ्यात घरटी कुणी ना कुणी आखातात असतो, आणि तिथून गिटार मागवण्याचा मोह सर्वांना होतो. किंमत कधी कधी खरेच कमी पडते. पण नुसत्या कापडी बॅगेतून विमानाच्या पोटात गेलेल्या गिटारीचे डोके गळ्याशी तडकण्याची भीती या जातीत मोठी आहे, कारण डोके मागे कललेले असते. कडक पेटी, तारा सैल केलेल्या, डोक्याखाली कपड्यांची घडी, असे येणार असेल तरच आणा, आणि तिथल्या बिलावर इथे वॉरंटी चालते का ते आधी विचारा. जुनी घेणाऱ्यांनी एपिफोनची डॉट शोधावी. २०२० मध्ये ती बंद होऊन तिची जागा नव्या ईएस-३३५ ने घेतली. तोवर अनेक वर्षे ती विकली गेली असल्याने हातोहात फिरत असते. तिचाही डोके-गळ्याचा सांधा भिंगातून बघा. तिथे लेपाची रेघ वेगळी दिसली तर ती मोडून जोडलेली आहे. जोडलेली वाजत नाही असे नाही, पण किंमत निम्मी व्हायला हवी.

राहता राहिला जॅक. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून चालू आहे आणि त्या खड्ड्यांतून आलेल्या गिटारीच्या जॅकचा नट सैल झाला नाही तरच नवल. नट सुटला की जॅक पोकळ अंगात पडतो, आणि गावातला इलेक्ट्रिशियन छिद्रात चिमटा घालून वायर तोडून ठेवतो. त्याऐवजी जुनी पातळ तार बाहेरून जॅकच्या भोकात सारायची, एफच्या छिद्रातून तिचे टोक बाहेर काढायचे, जॅक त्यात ओवून गाठ मारायची आणि उलट ओढायचे. याची पायरीवार चित्रे शेवटच्या प्रकरणात आहेत. टॉर्च मारून कणा कसा ओळखायचा याची पहिल्या प्रकरणात. माणगावच्या गाडीत बसेपर्यंत एवढी दोनच वाचून झाली असली तरी दुकानात जायला हरकत नाही, मधली प्रकरणे गिटार घरी आल्यावर लागतील.